एक्केचाळिसावा सेकंद

“ताई, हा माणूस मारतोय का धरतोय?” अशपाकनं चित्र थांबवून विचारलं.

मी वहीत यादी करत होते. मान वर न करताच म्हणाले, “आपल्याला काय करायचंय? हात गालापर्यंत गेला की आवाज पडतो. पुढं चल.”

आणि मी लिहिलं, ‘एक्केचाळीस – थप्पड’. निळ्या शाईनं, ठसठशीत अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. त्या अक्षराची मला आज बारा वर्षांनीही लाज वाटते.

माझं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पडद्यावरचा माणूस चालतो, पेला ठेवतो, दार ओढतो, त्याचे आवाज मागाहून स्टुडिओत करायचे, चित्राकडं बघत, त्याच्या हालचालीवर बरोबर बसवत. त्याला फोली म्हणतात. मुंबईत अठरा वर्षं मी हेच केलं. हाणामारीचे सिनेमे तर इतके केले की कितीतरी हिरोंचे ठोसे माझे आहेत, त्यांना पत्ताही नसेल. आमचे मालक वारल्यावर सासूबाईंकडं कोल्हापूरला परत आले आणि राजारामपुरीत एक खोली घेऊन काम चालू ठेवलं. अशपाक मुजावर माझा रेकॉर्डिस्ट. वयानं बराच लहान, बोलणं कमी आणि कान मात्र तल्लख.

ती क्लिप हेर्लेकरनं आणली होती. गावातल्या एका छोट्या वाहिनीवर तो गुन्हेगारीचा कार्यक्रम करायचा. एका खाजगी दवाखान्यातल्या वॉर्डमधली सीसीटीव्हीची क्लिप, एक मिनिट बारा सेकंदांची, संपूर्ण मुकी.

“मुकी क्लिप लोक दहा सेकंद बघत नाहीत ओ ताई,” तो म्हणाला. “जरा जिवंत करून द्या. पाय, खाट, पाणी, जे काय दिसतंय ते. आम्ही खाली पट्टी टाकणार, आवाज नंतर जोडलाय म्हणून.”

“आणि गोष्ट काय आहे?”

“आहे एक भानगड दवाखान्यातली. तुम्ही आवाज द्या, गोष्ट आम्ही सांगतो.”

मी पुढं विचारलं नाही. स्वतःच्या कामाचा एवढा तोरा की बाकीच्या जगाशी आपलं देणंघेणं नाही असं मला वाटायचं.

क्लिपमध्ये एक म्हातारे गृहस्थ खाटेच्या कडेवर बसलेले. निळ्या कपड्यातला एक वॉर्डबॉय येतो. कॅमेरा मागून वरून आहे, त्याचा चेहरा अर्धाच दिसतो. तो स्टीलच्या पेल्यातून त्यांना पाणी पाजतो, पेला कपाटावर ठेवतो, पाठीमागं हात घालून त्यांना आडवं करायला जातो. म्हातारे डावीकडं कलतात. एक्केचाळिसाव्या सेकंदाला वॉर्डबॉयचा उजवा हात झटक्यात त्यांच्या गालावर जातो आणि डोकं बाजूला होतं. मग तो त्यांना झोपवतो, चादर ओढतो आणि निघून जातो.

आमच्या कामाची एक रीत असते. आधी पाय, मग कपडे, मग वस्तू, आणि मारामारी सगळ्यात शेवटी. सकाळी दहाला सुरुवात केली. रबरी चपला घालून फरशीच्या तुकड्यावर त्याची चाल चालले. जरा फेंगडा चालायचा तो, उजवा पाय घासत. दोन वेळा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. दुसऱ्याची चाल एकदा पायात आली की त्या माणसाबद्दल काहीतरी कळल्यासारखं वाटतं. मला वाटलं, हा माणूस दमलेला आहे, पण घाईत नाही. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. मी चादर झटकायला घेतली.

थपडेसाठी माझी स्वतःची पद्धत होती. ओल्या पंच्याची चौघडी करून पाटावर हाणायची आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातानं मांडीवर चापट. दोन्ही मिळून जो आवाज येतो तो खऱ्या थपडेपेक्षा खरा लागतो. खरी थप्पड फुसकी वाजते, कधी ऐकून बघा. मी तीनदा हाणलं. तिसरा आवाज नेमका पडला.

“बसला?” मी काचेपलीकडं विचारलं.

“बसला,” अशपाक म्हणाला. त्यात काही खुशी नव्हती, पण तो एरवीही कधी खूश नसायचा.

काम संपलं की यादीची प्रत गिऱ्हाईकाला द्यायची माझी शिस्त होती. ती हेर्लेकरच्या हातात दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच.

सोमवारी संध्याकाळी कार्यक्रम लागला. मी आणि सासूबाई जेवत होतो. निवेदिका सांगत होती, अर्धांगवायू झालेले निवृत्त शिक्षक नाईकवाडे गुरुजी, बोलता येत नाही, धड हालता येत नाही, गालावर काळानिळा डाग, पुण्याहून आलेल्या मुलाला संशय आला आणि त्यानं क्लिप मागवून वाहिनीकडं दिली. मग क्लिप लागली. माझे पाय वाजले, माझा पेला वाजला, आणि मग ती थप्पड पडली. घरातलं भांडं हललं नसेल, पण सासूबाईंच्या हातातला घास थांबला.

“मुडदा बशिवला त्याचा,” त्या म्हणाल्या. “कसा हाणला बघ म्हाताऱ्याला.”

खोटं कशाला बोलू, एक क्षण माझी छाती फुगली. काय बसला होता आवाज. मग मी पट्टी शोधायला लागले. वर नाही, खाली नाही. क्लिप परत दाखवली, मग हळू करून दाखवली, मग थपडेवर थांबवून त्या वॉर्डबॉयचा ओळखपत्रावरचा फोटो लावला. आनंदा तिवडे, वय बावन्न. पट्टी शेवटपर्यंत आली नाही.

सकाळी दूधवाल्याच्या फोनवर ती क्लिप होती.

हेर्लेकरच्या ऑफिसात मी दहा वाजताच जाऊन बसले. तो आला, चहा मागवला.

“पट्टी कुठाय?” मी विचारलं.

“राहिली ओ. एडिटिंगला पोरं नवीन आहेत.”

“मग आज टाका. आणि सांगा की थपडेचा आवाज खोटा आहे. मी केलाय तो.”

“ताई, तो आवाज मी मागितला होता?”



त्यानं खणातून माझी यादी काढली आणि टेबलावर माझ्या बाजूला वळवून ठेवली. “मी म्हटलं होतं पाय, खाट, पाणी. हे कुणाचं अक्षर? मला तर आधी ती थप्पड आहे का काय, खात्री नव्हती. तुम्ही अठरा वर्षं हेच काम केलेल्या. तुमच्यासारख्या बाईला तिथं थप्पड दिसली म्हणजे असणारच, असं मी धरलं.”

“मला दिसली नव्हती. आमच्यात हात गेला की आवाज देतात. सवय असते ती.”

“आता हे मी लोकांना कसं सांगू?” तो म्हणाला, आणि त्याला खरंच प्रश्न पडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. “चहा घ्या.”

मी चहा घेतला नाही. स्टुडिओत येऊन अशपाकला म्हणाले, मूळ मुकी क्लिप लाव. आम्ही ती एकेक चित्र सरकवत बघितली, जे काम आधी करायला हवं होतं ते. बैल गेला आणि झोपा केला. एक्केचाळिसावर हात गालाला लागतो. आणि तिथं थांबतो. बेचाळीस, त्रेचाळीस, दोन सेकंद हात गालावरच आहे. खाटेला बाजूनं लोखंडी गज आहे, म्हाताऱ्यांची मान त्या गजाकडं चालली होती. मारणारा हात मारून परत येतो, गालावर मुक्काम करत नाही. त्यानं डोकं झेललं होतं.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” अशपाक हळूच म्हणाला.

“माहितेय मला,” मी त्याच्या अंगावर ओरडले. त्याचा काही दोष नव्हता.

लॅपटॉपवर मुकी क्लिप घेऊन मी त्या दवाखान्यात गेले. मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या, सावर्डेकर. चांगल्या वाटल्या, थकलेल्या. मी कोण, काय केलं, सगळं सांगितलं. क्लिप लावून हात थांबतो ते दाखवलं.

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुम्हाला एक गंमत सांगू? गुरुजींच्या मुलानं मागितली तेव्हा ही क्लिप मी आधी बघितली होती, अशीच मुकी. तेव्हा मला यात काही दिसलं नव्हतं. मीच त्याला म्हटलं, बाबा, काही नाहीये, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, नुसता हात लागला तरी डाग पडतो. आता मात्र दिसतंय.”

“आता आवाज कुठाय?”

“नाहीये. तरी दिसतंय. काय करू मी?”

“पण हात थांबलाय, बाई.”

“मारून दाबला असेल. माझ्या स्टाफमधलेच लोक म्हणतायत असं. कालपर्यंत त्याला आनंदामामा म्हणत होते.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. गुरुजींचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला होता. आनंदानं लेखी कबुली दिली आणि माफी मागितली तर तो पोलिसांत जाणार नव्हता. कागद तयार होता, गुरुवारी दुपारपर्यंत सही हवी होती. सही केली तर तक्रार नाही, पण नोकरी गेली, आणि असा कागद मागं लागल्यावर दुसरा कुठलाही दवाखाना दारात उभा करणार नाही. सव्वीस वर्षं त्यानं माणसं उचलून ठेवण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

“तो काय म्हणतो?” मी विचारलं.

“पहिल्या दिवशी म्हणाला, मान धरली. आता काहीच म्हणत नाही.”

मी तिथंच बसून लिहून दिलं, की थप्पड मी घातली, टॉवेल आणि पाटावर केली, मूळ क्लिपला आवाजच नाही. डॉक्टरीणबाईंनी ते माझ्यासमोर मुलाला पाठवलं आणि फोन लावून माझ्या हातात दिला. मी बोलत गेले. तो ऐकून घेत होता, उद्धटपणे नाही. शेवटी म्हणाला, “बाई, आवाज खोटा असेल. हातही खोटा आहे का? माझ्या वडलांच्या गालावरचा डाग तुम्ही केलाय?”

मी फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात परत दिला. आज त्याला द्यायला दहा उत्तरं सुचतात.

गुरुवारी सकाळी मी आणि अशपाक आनंदाच्या घरी गेलो. पंचगंगेपलीकडं, बसच्या शेवटच्या थांब्याच्या पुढं, उसाच्या कडेला दोन खोल्या. दारात त्याची बायको, आक्काताई. मी नाव सांगितलं तशी त्यांनी पदर सावरून आत घेतलं, त्यांना वाटलं दवाखान्यातनं कागद न्यायला आलेय. कागद आत स्टुलावर होता, वर तांब्या ठेवलेला. आनंदा भिंतीला टेकून चटईवर बसला होता, उठून उभा राहिला. आत गेला तेव्हा चाल बघितली. उजवा पाय घासत.

मी कसं सांगितलं मला आठवत नाही. सांगितलं एवढं खरं. पाय माझे, पेला माझा, थप्पड माझी. मी वाट बघत होते की आता शिव्या देतील, अंगावर येतील. मला ते हवंही होतं.

आक्काताई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. “मी म्हणत हुते,” त्या म्हणाल्या. “मी तवापासनं म्हणत हुते. ह्या मानसानं पोरांवर कधी हात न्हाई उगारला. आवो, ऐकलंसा न्हवं? बाई काय म्हनत्यात?”

“ऐकलं,” आनंदा म्हणाला. “च्या टाक आधी.”

“तुम्ही सही करू नका,” मी म्हणाले. “वकील बघू. मी येते साक्षीला. अशपाक येईल. हा आवाज कसा केला ते कोर्टात करून दाखवीन.”

चहा आला. कप उजव्या हातात धरून तो म्हणाला, “ताई, एक इचारू? राग मानू नका.”

“विचारा.”

“तुमी तो आवाज घातला, ते उगंच न्हाई घातला असंल. तुमचं कामच बारीक बगायचं. तुमी धा बार बघितलं असंल.”

“बघितलं नाही, तीच तर चूक झाली.”

“माझं ध्यान गुरुजींच्या तोंडाकडं हुतं वो. मान गेली, मी म्हटलं आता गजावर आपटतंय. हात कसा गेला, किती जोरात गेला, मला म्हाईत न्हाई. दिवसाला चाळीस मान्सं उचलतो, हाताकडं कोन बगतंय.” त्यानं कप खाली ठेवला. “ती क्लिप मी भाच्याच्या फोनवर लई बार बघितली. पन्नास बार, साठ बार. आता डोळं झाकलं तरी मला आवाज येतो. तवा आला हुता का मागनं आला, मला आता कळंना झालंय. माझा संताप झाला असंल का त्या दिवशी? दुपारचं जेवन न्हवतं झालं. कुनाला म्हाईत?”

“नाही हो, नाही,” मी म्हणाले. “असं काही झालेलं नाही. हे मी घुसवलंय तुमच्या डोक्यात.”

“मग तुमीच बगा. बिनआवाजाची हाय न्हवं? माझ्यासमोर बगा, आनि सांगा. तुमी सांगाल ते मी धरतो.”

अशपाकनं लॅपटॉप उघडला. मला मनातून बरं वाटलं, कारण आता माझ्या हातात काहीतरी होतं. हात कुठं थांबतो ते मी बोटानं दाखवणार होते. गज दाखवणार होते. आक्काताई माझ्या खांद्यामागं येऊन उभ्या राहिल्या. बाहेर ट्रॅक्टर चालला होता, तो गेला आणि खोलीत काहीच आवाज उरला नाही.

क्लिप सुरू झाली. तो चालत आला. पेला दिला. पेला ठेवला. मी आकडे बघत होते. अडतीस. एकोणचाळीस. मी मनाशी ठरवलं होतं, चेहरा हलवायचा नाही. चाळीस.

आणि त्या मुक्या खोलीत ती मला ऐकू आली. माझीच, तिसऱ्या वेळेला नेमकी बसलेली. माझे डोळे आपोआप मिटले आणि खांदा वर आला, समोर कुणाला तरी लागल्यावर येतो तसा. पापणी लवेपर्यंतचीच गोष्ट.

डोळे उघडले तेव्हा आनंदा पडद्याकडं बघत नव्हता. तो पहिल्यापासून माझ्याकडंच बघत होता.

“थांबा,” मी म्हणाले. “पुढं बघा. हात थांबलाय, हे बघा, दोन सेकंद. तुम्ही धरलंय त्यांना. तुम्ही मारलेलं नाही, आनंदाराव. मी शपथेवर सांगते.”

“बरं,” तो म्हणाला. रडणाऱ्या लहान पोराला म्हणतात तितक्याच समजुतीनं. “तुमचा काय दोष न्हाई, ताई. दिसलं म्हनून तुमी आवाज दिला.”

“दिसलं नव्हतं मला!”

त्यानं तांब्या उचलून खाली ठेवला आणि कागद पुढं ओढला. मी कागदावर पंजा ठेवला. त्यानं माझं मनगट धरून हात अलगद उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. इतक्या हळुवारपणे मला त्याआधी किंवा त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. आजाऱ्यांना तो असाच हलवत असणार, सव्वीस वर्षं.

“आवो, कशाला सही करताय?” आक्काताई म्हणाल्या. पण मघाचा जोर त्यांच्या आवाजात नव्हता. मी मागं वळून बघितलं. त्या ना माझ्याकडं बघत होत्या, ना कागदाकडं. त्या नवऱ्याच्या उजव्या हाताकडं बघत होत्या.

त्यानंही ते पाहिलं. त्याच हातानं पेन उचललं आणि सही केली.